‘करमत नाही’ ते ‘रस नाही’ : चंद्रपूर-गडचिरोलीतील शाळात्याग आणि मानसिक आधाराचा प्रश्न

प्रस्तावना

मराठीत ‘करमणे’ हे एक अर्थपूर्ण क्रियापद आहे. ‘मला येथे करमत नाही’ असे कोणी म्हणाले की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न येतो : का करमत नाही? कोणाची आठवण येते? येथे काय कमी आहे? म्हणजे या क्रियापदात माणूस, स्थळ आणि सोबतीची माणसे यांच्यातील नाते गृहीत धरलेले असते. ‘रस नाही’ या शब्दप्रयोगाचे तसे नाही. रस नसणे हा ज्याला रस नाही त्याचाच दोष ठरतो आणि पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. आश्रमशाळेतून सुटीला घरी गेलेला आणि परत न आलेला मुलगा घरच्यांना जे सांगतो ते बहुधा पहिल्या प्रकारचे असते. सर्वेक्षणाच्या तक्त्यात जे नोंदवले जाते ते दुसऱ्या प्रकारचे. या दोन विधानांतील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या संदर्भात शाळात्यागाची चर्चा नवी नाही. दारिद्र्य, अंतर, बालमजुरी, बालविवाह, पालकांची निरक्षरता ही कारणे विविध अहवालांतून आणि प्रबंधांतून वारंवार मांडली गेली आहेत. ती खोटी आहेत असे मुळीच नाही. तथापि या कारणमीमांसेत मुलाचे मन हा घटक जवळजवळ अनुपस्थित आहे. दुसरीकडे मानसिक आरोग्याविषयीच्या धोरणांत मन आहे, परंतु शाळा सोडून गेलेले मूल नाही. या दोन्ही बाजूंच्या दस्तऐवजांची चिकित्सा करून, मानसिक आधाराचा विचार शाळेच्या फेरविचारापासून वेगळा काढल्यास तो निष्फळ, किंबहुना अन्यायकारक ठरेल, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

‘गळती’ : एका शब्दाची चिकित्सा

शैक्षणिक प्रशासनात शाळा सोडण्यास ‘गळती’ म्हणतात. छप्पर गळते, नळ गळतो, झाडाची पाने गळतात. गळणाऱ्या वस्तूला स्वतःची इच्छा नसते आणि म्हणून तिला कोणी ‘का गळलीस?’ असे विचारत नाही. चिंता असते ती भांड्यात किती उरले याची. ‘पट’ आणि ‘गळती’ या दोन शब्दांभोवती फिरणारी आपली व्यवस्था मुळात संख्येची व्यवस्था आहे. ऑक्टोबर २०११ मधील राज्यव्यापी पटपडताळणी, ४ जुलै २०१५ रोजीचे शाळाबाह्य मुलांचे एकदिवसीय सर्वेक्षण आणि जुलै २०२२ मधील ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ ही मोहीम या सर्वांचा हेतू स्तुत्य होता. परंतु मूल शाळेत आहे की नाही, हाच त्यांचा मध्यवर्ती प्रश्न होता. महाराष्ट्रात सतत एक महिन्याहून अधिक काळ गैरहजर असलेले मूल शाळाबाह्य मानले जाते. म्हणजे व्यवस्थेचे लक्ष जाते ते महिना उलटल्यावर. त्या महिन्यापूर्वीचे मुलाचे गप्प होणे, जेवण टाकणे, वारंवार पोट दुखणे, रात्री जागे राहणे यांची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही.

कारणांचे रकाने पाहिले तर हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) शाळेत न जाण्याच्या कारणांत आर्थिक अडचण, अर्थार्जन, घरकाम यांच्याबरोबर ‘शिक्षणात रस नाही’ असा पर्याय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही ‘अभ्यासात रस नाही’ हे अग्रक्रमाने येणारे कारण आहे. हा पर्याय वास्तविक कारण नसून कारण न विचारल्याची कबुली आहे. भीती, घरची ओढ, भाषा न कळण्याची लाज, मृत्यूचा शोक, वसतिगृहातील छळ आणि खरोखरच्या नैराश्याची लक्षणे, इतक्या भिन्न अवस्था या एकाच रकान्यात सामावल्या जातात. वैद्यकशास्त्रात तपासणीवाचून निदान करणाऱ्यास आपण दोष देतो. येथे मात्र तपासणीवाचून केलेले निदान आकडेवारी म्हणून मान्य होते.

घर, भाषा आणि वसतिगृह

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या १०,७२,९४२ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८.७ टक्के आहे. चंद्रपुरात हे प्रमाण १७.७ टक्के आहे. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित मानल्या गेलेल्या तीन आदिवासी समूहांपैकी माडिया गोंड प्रामुख्याने गडचिरोलीच्या दक्षिण भागात, तर कोलामांची काही वस्ती चंद्रपूरच्या जिवती, कोरपना, राजुरा या तालुक्यांत आहे. गोंडी, माडिया आणि कोलामी या द्राविडी कुळातील भाषा होत. त्यांपैकी एकीचाही समावेश संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही.

अशा घरातील सहा वर्षांचे मूल आश्रमशाळेत दाखल होते तेव्हा एकाच दिवशी दोन गोष्टी घडतात : त्याचे घर सुटते आणि त्याची भाषा निरुपयोगी होते. दुःख झाले तर ते सांगण्याची भाषाही त्याच्यापाशी उरत नाही. ‘करमत नाही’ हे मराठी वाक्य त्याला अद्याप आलेले नसते आणि त्याच्या भाषेतील वाक्य शिक्षकाला येत नसते. म्हणून अशा मुलाचे दुःख बहुधा कृतीतूनच व्यक्त होते. मूल पळून जाते, किंवा सुटीनंतर परत येत नाही. त्या कृतीचे भाषांतर मग प्रशासन करते आणि ते ‘रस नाही’ असे होते.

आश्रमशाळेची परंपरा सेवाभावातून आलेली आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. ठक्करबाप्पांनी १९२२ मध्ये दाहोद येथे भिल्ल सेवा मंडळाद्वारे सुरू केलेले कार्य तिच्या मुळाशी आहे. हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ मध्ये काढलेल्या निवासी शाळेतून शिकलेल्या माडिया मुलांनी वैद्यक, शिक्षण, शासकीय सेवा अशा क्षेत्रांत प्रवेश केला, हेही सर्वश्रुत आहे. कॅनडातील ज्या निवासी शाळांबद्दल तेथील शासनाने २००८ मध्ये मूलनिवासींची जाहीर माफी मागितली, त्यांच्याशी आपल्या आश्रमशाळांची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. तेथे संस्कृती पुसणे हे घोषित उद्दिष्ट होते; येथे ते नव्हते. परंतु हेतू निराळा असला तरी बालवयात घरापासून आणि भाषेपासून तुटण्याचा अनुभव निराळा होत नाही. चांगल्या हेतूची संस्था मुलाला दुःख देऊ शकते, हे मान्य केल्याशिवाय पुढचा विचार शक्य नाही.

किंबहुना अलीकडच्या काही धोरणांनी ही तूट वाढण्याची शक्यता निर्माण केली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून त्यांचे समायोजन करण्याचा निर्णय राज्यात झाला. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचे प्रस्ताव मागविण्यात आले. विरळ वस्तीच्या वनप्रदेशात गावची शाळा बंद होणे म्हणजे लहान मुलाला एकतर जंगलातून चालणे किंवा वसतिगृहात राहणे यांपैकी एक निवडावे लागणे होय. खर्चाच्या हिशेबात या निवडीची मानसिक किंमत धरलेली नसते.

दुःखाचे स्थानिक संदर्भ

वनजिल्ह्यांतील मुलांच्या मनावरील ताणाची चर्चा महानगरातील परीक्षेच्या ताणाच्या धर्तीवर करता येणार नाही. येथील दुःखाला येथील भूगोल आहे.

मोहफुले वेचण्याचा हंगाम आणि त्यानंतरचा तेंदूपाने तोडण्याचा हंगाम हा कुटुंबाच्या रोख उत्पन्नाचा काळ असतो. वन्यप्राण्यांशी गाठ पडण्याचाही तोच काळ असतो. वडसा वनविभागात ऑक्टोबर २०२२ मध्ये जेरबंद केलेल्या एका वाघाच्या हल्ल्यांत तेरा माणसे दगावल्याचे वनविभागाने नोंदवले होते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या परिसरांतही असे मृत्यू घडत आले आहेत. मृताच्या कुटुंबास नुकसानभरपाई देण्याची शासकीय तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. परंतु ज्या मुलाची आई सरपणाला गेली आणि परतली नाही, त्याच्या शोकाची दखल घेण्याची तरतूद कोणत्याही नियमात नाही. तेच मूल पुढे जंगलवाटेने शाळेत जाण्यास नकार देते, तेव्हा तो नकार ‘अनियमित उपस्थिती’ ठरतो.

दुसरा संदर्भ दारूचा. १९९३ मध्ये लोकचळवळीच्या रेट्यामुळे गडचिरोलीत दारूबंदी झाली. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा दारू व तंबाखू नियंत्रणाचा उपक्रम तेथे राबविला गेला. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. या धोरणांच्या यशापयशावर मतभेद आहेत. परंतु त्या वादात व्यसनी पित्याच्या घरी सुटीला जाणाऱ्या, किंवा आईला मारहाण होईल या भीतीने शाळेत परत न जाणाऱ्या मुलाचा उल्लेख क्वचितच येतो. अशा मुलाला घराची ओढ नसते. त्याला घराची काळजी असते. बाहेरून दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, उपाय मात्र वेगळे आहेत.

तिसरा संदर्भ हिंसेचा. १९८० नंतर नक्षलवादी चळवळीने गडचिरोलीत मूळ धरले. २००९ मधील मरकेगाव व लाहेरीच्या घटना, एप्रिल २०१८ मधील कसनासूरची चकमक आणि १ मे २०१९ रोजीचा जांभुळखेड्याचा स्फोट या ठळक घटना इतिहासात नोंदल्या गेल्या. त्या दरम्यान दोन्ही बाजूंच्या संशयाखाली वाढलेल्या मुलांच्या पिढ्यांनी मनात काय साठवले, याचा इतिहास लिहिला गेलेला नाही.

चौथा संदर्भ अधिक अस्वस्थ करणारा आहे. एप्रिल २०१९ मध्ये राजुरा येथील एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील लैंगिक अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले. अशा परिस्थितीत मुलीने शाळा सोडणे किंवा पालकांनी तिला घरी नेणे हे मानसिक दुर्बलतेचे नव्हे, तर शहाणपणाचे आणि आत्मसंरक्षणाचे लक्षण होय. प्रत्येक शाळात्याग ही समस्या मानून मुलाला परत आणणे हेच यश समजणाऱ्या मोहिमा या शक्यतेचा विचार करीत नाहीत.

कायदा, धोरण आणि तीन विभाग

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार कायद्याचे (२००९) कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई करते. कलम २९ अधिक महत्त्वाचे आहे. अभ्यासक्रम व मूल्यमापन ठरविताना शक्य तेथवर मातृभाषा हे माध्यम असावे, तसेच मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त व्हावे व त्यास आपले मत मोकळेपणाने मांडता यावे, असे हे कलम सांगते. मातृभाषा आणि भयमुक्ती या दोन गोष्टी कायद्याने लागोपाठच्या उपकलमांत ठेवल्या आहेत. वनजिल्ह्यांपुरते बोलायचे तर त्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. ज्या भाषेत मूल निर्भयपणे बोलू शकते ती भाषा वर्गात नसेल तर भयमुक्ती हे केवळ सुभाषित उरते. दुर्दैवाने कायद्यातील वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, शिक्षकसंख्या यांचे निकष तपासले गेले. कलम २९ मधील या अटी मोजण्याची पद्धतच निर्माण झाली नाही.

आरोग्याच्या बाजूने पाहता, ज्या वर्षी गडचिरोली जिल्हा निर्माण झाला त्याच १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. १९९६ मध्ये त्याला जिल्हा कार्यक्रमाची जोड मिळाली. पुढे २०१४ चा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम, २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०२० मधील शाळेतील आरोग्यदूत शिक्षकांची योजना आणि १० ऑक्टोबर २०२२ पासूनची ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा असा विस्तार होत गेला. कागदावर ही साखळी पूर्ण आहे. परंतु भामरागडहून जिल्हा रुग्णालय दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. दूरध्वनी सेवेसाठी संपर्कजाळे हवे, खाजगीत बोलण्याची जागा हवी आणि पलीकडच्या व्यक्तीला माडिया समजावयास हवी. तेरा वर्षांच्या वसतिगृहातील मुलीजवळ या तिन्ही गोष्टी एकाच वेळी असण्याची शक्यता किती, हे सांगण्याची गरज नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने १३ ते १७ या वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के असल्याचे सांगितले. परंतु ज्या बारा राज्यांत ते झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता.

या संदर्भात आदिवासी आरोग्यविषयक तज्ज्ञ समितीचा २०१८ चा अहवाल विशेष उल्लेखनीय आहे. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने आदिवासींच्या दहा विशेष आरोग्य समस्या निश्चित केल्या. त्यांत व्यसनमुक्ती व मानसिक आरोग्य ही एक आहे आणि आश्रमशाळांतील मुलांचे आरोग्य ही दुसरी. राष्ट्रीय पातळीवर या दोन्ही गोष्टींना स्थान मिळणे ही या अहवालाची मोठीच देणगी होय. मात्र या दोन समस्या दोन स्वतंत्र शीर्षकांखाली राहिल्यामुळे त्यांच्या छेदबिंदूवर असलेले मूल पुन्हा निसटण्याचा धोका आहे. प्रशासनातही तेच घडते. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे, जिल्हा परिषदेच्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आणि मानसिक आरोग्य सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहे. शाळा सोडून घरी बसलेले मूल पहिल्या दोघांच्या पटावर नाही आणि तिसऱ्याचा रुग्णही नाही.

दोन धोके : दुर्लक्ष आणि रोगीकरण

येथवरच्या विवेचनावरून ‘प्रत्येक आश्रमशाळेत समुपदेशक नेमावा’ एवढाच निष्कर्ष काढता येईल. समुपदेशक हवाच, परंतु तो निष्कर्ष पुरेसा नाही, कारण त्यात एक धोका आहे.

आज मुलाला ‘रस नाही’ असे म्हणून दोष दिला जातो. उद्या त्याच मुलाला ‘नैराश्य आहे’ असे म्हटले गेले आणि शाळा मात्र होती तशीच राहिली, तर दोषाची जागा बदलत नाही, केवळ त्याचे नाव बदलते. भाषा न कळणाऱ्या वर्गात दिवसभर बसून मूल खिन्न होत असेल तर ती खिन्नता त्याच्या मनाच्या आरोग्याचीच खूण आहे. तिच्यावर उपचार करून त्याला त्याच वर्गात रुळविणे म्हणजे काटा तसाच ठेवून पायाला बधिर करणे होय. उलट बाजूने, ‘सर्व काही सामाजिक आहे’ असे म्हणून खऱ्या आजाराकडे दुर्लक्ष करणे हाही अपराधच आहे. आत्महत्येचा विचार मनात घोळविणाऱ्या मुलीला भाषाधोरण बदलेपर्यंत थांबा, असे सांगता येत नाही. म्हणून दोन प्रश्न एकाच वेळी विचारावे लागतात : या मुलाला काय होते आहे? आणि ही शाळा या मुलाला काय करते आहे? पहिला प्रश्न आरोग्याचा, दुसरा शिक्षणाचा. यांपैकी एकच विचारणारे धोरण अर्धवट राहते.

दुसऱ्या प्रश्नाला स्थानिक समाजाने आपल्या परीने उत्तर दिलेले आहे. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेच्या पुढाकाराने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू झाली आणि तिच्या नावात ‘गोटूल’ हा शब्द जाणीवपूर्वक ठेवण्यात आला. गोटूल ही गोंड समाजातील तरुणांच्या सहजीवनाची, शिक्षणाची परंपरागत संस्था. शासनमान्यता नसल्याच्या कारणावरून २०२२ मध्ये शिक्षण विभागाने या शाळेस बेकायदेशीर ठरविले. शैक्षणिक दर्जा, पुढील वर्गांतील प्रवेश, प्रमाणपत्र हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांची सोडवणूक झाली पाहिजे. परंतु ज्या कायद्याच्या आधारे मान्यता मागितली जाते त्याच कायद्याचे कलम २९ मातृभाषेचा आग्रह धरते, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

गडचिरोलीनेच दिलेला धडा

पहिल्या प्रश्नाचे उत्तरही बाहेरून आणण्याची गरज नाही. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ दूर असेल तर ज्ञान जवळ आणावे, हा तो धडा होय.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातही हे तत्त्व पारखले गेले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने स्थानिक कार्यकर्त्यांमार्फत काम केले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७० हून अधिक माध्यमिक शाळांत झालेला ‘सेहेर’ हा प्रयोग (२०१८ मध्ये प्रसिद्ध) आपल्याला अधिक जवळचा आहे. जेथे प्रशिक्षित स्थानिक व्यक्तीने समुपदेशकाचे काम केले तेथे शाळेचे वातावरण सुधारले, नैराश्य व दांडगाई कमी झाली. जेथे तेच काम शिक्षकांवर सोपविले तेथे लक्षणीय फरक पडला नाही. शाळात्याग हे त्या प्रयोगाचे मुख्य मोजमाप नव्हते आणि त्या शाळाही निवासी नव्हत्या, म्हणून त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तरीही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. आधीच अध्यापन, सर्वेक्षणे, निवडणूककामे आणि वसतिगृह अधीक्षकाचा भार वाहणाऱ्या शिक्षकाला आणखी एक ‘दूत’ बनविल्याने आधार मिळत नाही. शिवाय ज्याच्या हाती गुण आणि शिक्षा आहेत त्याच्यापाशी मूल मन मोकळे करीत नाही.

यावरून असे सुचवावेसे वाटते की, आश्रमशाळांतील पहिल्या आधारासाठी माडिया, गोंडी वा कोलामी बोलणारे, त्याच परिसरातील, शक्यतो स्वतः आश्रमशाळेत शिकलेले तरुण-तरुणी मानधनावर नेमावेत. त्यांना जिल्हा मानसिक आरोग्य पथकाने प्रशिक्षण व नियमित देखरेख द्यावी. दिवाळी व उन्हाळी सुटीनंतर न परतलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी महिना उलटण्यापूर्वी त्यांनी जावे. ते मुलाला पकडून आणण्यासाठी नव्हे, तर त्याचे ऐकण्यासाठी. आणि त्या भेटीतून शाळेविषयी जे कळेल ते शाळेला ऐकावे लागेल, अशी व्यवस्था असावी. या अखेरच्या अटीवाचून उरलेला सर्व खर्च व्यर्थ आहे.

समारोप

हा प्रश्न केवळ शासनाचा नाही. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात हे दोन्ही जिल्हे येतात. येथील शिक्षणशास्त्र, समाजकार्य, मानसशास्त्र व मराठी या विभागांतून होणाऱ्या संशोधनात ‘पालकांची उदासीनता’ आणि ‘विद्यार्थ्यांची अनास्था’ हे निष्कर्ष तयार साच्यातून यावेत तसे येत राहिले, तर सर्वेक्षणाच्या रकान्यांना विद्वत्तेचा शिक्का मिळण्यापलीकडे काही साधणार नाही. प्रश्नावली मराठीत, उत्तर देणारा माडिया भाषक आणि पर्याय आधीच छापलेले; अशा संशोधनात मूल बोलत नाही, त्याच्या वतीने तक्ता बोलतो. त्याऐवजी शाळा सोडलेल्या मुलांची कथने त्यांच्या भाषेत नोंदविणे, त्यांचे जबाबदारीने भाषांतर करणे आणि दुःखासाठी त्या भाषांत कोणते शब्द आहेत याचा शोध घेणे, हे काम आपल्या महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. आपल्याच वर्गांत बसणारे अनेक विद्यार्थी या भाषा बोलतात. सहसंशोधक म्हणून त्यांच्याकडे पाहिले गेले पाहिजे.

मूल शाळा सोडते तेव्हा ते शिक्षणाविषयी मत देत असते. ते मत चुकीचे असू शकते, घाईचे असू शकते, आजारातून आलेले असू शकते आणि पूर्णपणे योग्यही असू शकते. यांपैकी नेमके काय आहे हे विचारल्याशिवाय कळणार नाही. ‘रस नाही’ हा पर्याय नमुन्यातून काढून टाकून त्या जागी ‘का करमत नाही?’ एवढा एक प्रश्न मुलाच्या भाषेत विचारण्याची सक्ती केली, तरी मानसिक आधाराचे आणि शिक्षणसुधारणेचे काम एकाच ठिकाणाहून सुरू होईल.